भाकरीतले तेल

(देणगीदार आणि मंडळ्यांच्या प्रतिनिधींच्या मेळाव्यात केलेले भाषण)



गेले काही महिने मंडळ्यांकडून एकच प्रश्न येतो आहे. पावसाळ्यात आपण पाड्यांवर जो शिधा पाठवतो, त्यात मुख्य वस्तू तांदूळ. 2023 हे संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्ष झाले, तेव्हापासून नाचणी-बाजरीचे कौतुक सगळीकडे ऐकू येते. मग तांदूळ बंद करून भरडधान्यच पाठवावे का? याचे उत्तर देताना मी कॅल्शियम आणि लोह यांविषयी बोलणार नाही; ते तुम्ही पुष्कळ ऐकले आहे. मी बोलणार आहे धान्यातल्या तेलाविषयी.

हो, धान्यात तेल असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत 100 ग्रॅम बाजरीत सुमारे साडेपाच ग्रॅम स्निग्धांश दिला आहे, वरईत जवळजवळ चार, नाचणीत दोनाहून किंचित कमी आणि पांढऱ्या तांदळात अवघा अर्धा. हे तेल मुख्यतः दाण्याच्या कोंबात आणि कोंड्यात असते. बाजरीचा दाणा लहान, पण त्या मानाने कोंब मोठा. तांदूळ पांढरा करताना कोंब आणि कोंडा दोन्ही निघून जातात.

आता देशाचा हिशेब पाहू. बाजरी, नाचणी, वरई आणि त्यांची भावंडे मिळून भारतात वर्षाला साधारण सव्वा कोटी टन पिकतात. एकशेचाळीस कोटी माणसांत वाटले तर माणशी रोज पंचवीस ग्रॅमसुद्धा येत नाही. त्यातून मिळणारे तेल एका ग्रॅमच्या आसपास. अर्ध्या चहाच्या चमच्याहूनही कमी! अन्नाचे ताळेबंद मांडणारा माणूस एवढा आकडा पाहून पान उलटील, आणि त्याला दोषही देता येणार नाही. देशाला लागणारे तेल आज पिशव्यांतून आणि डब्यांतून येते. त्यासाठी आपण परदेशातून पामतेल मागवतो, आणि जगात सर्वांत जास्त आपणच मागवतो.

पण सरासरी म्हणजे जो बाजरी खातच नाही आणि जो तिन्ही त्रिकाळ खातो, त्या दोघांना एका ताटावर बसवणे. ज्या घरात तेलाची पिशवी आठवडी बाजारातून येते आणि पुढच्या बाजारापर्यंत पुरवायची असते, त्या घराचा हिशेब वेगळा. समजा, घाटावरच्या एका पाड्यात पाच जणांचे घर आहे आणि रोज दीड किलो धान्य शिजते. निम्मी नाचणी आणि निम्मी घरी कांडलेली वरई असेल, तर त्यातून रोज चाळीस ग्रॅमच्या वर तेल पोटात जाते. तेच दीड किलो पांढरे तांदूळ असतील तर आठ ग्रॅम. महिन्याला फरक पडतो जवळपास एक किलो तेलाचा. हे तेल कोणी विकत आणले नव्हते, म्हणून ते गेले तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही. पोट तर भरतेच आहे ना!

मोठ्या माणसाचे एक वेळ निभावते. लहान मुलाचे तसे नाही. त्याचे पोट वाटीएवढे. एक ग्रॅम तेलातून नऊ कॅलरी मिळतात, पिठूळ पदार्थातून चार. नुसत्या पातळ पेजेने वाटी भरली तर मूल जेवलेले दिसते, पण वाढीला लागणारी ताकद त्या वाटीत मावत नाही. शिवाय रानभाज्यांतले अ जीवनसत्त्व अंगी लागायला सोबत थोडे तेल लागतेच. पावसाळ्यात पाड्याभोवती भाजी मुबलक असते. तेल नसते.

रेशनला मी नावे ठेवणार नाही. त्या तांदळाने आणि गव्हाने श्रावण-भाद्रपदातली उपासमार टाळली आहे, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असा दर होता; 2023 पासून धान्य मोफत झाले. म्हणजे कायद्यात भरडधान्याला जागा होती. दुकानात मात्र बहुतेक तांदूळ आणि गहूच आले. ओडिशाने नाचणी शेतकऱ्यांकडून विकत घेऊन रेशनवर आणि अंगणवाडीतल्या लाडवांत आणली. मनात आणले तर जमते.

आता आपल्या शिध्याकडे येतो. सरसकट बाजरी पाठवा, असे मी म्हणणार नाही. बाजरी कोरड्या मुलखाचे पीक. जव्हार-मोखाड्याच्या पावसात ती टिकत नाही आणि तिकडच्या चुलीला तिची सवयही नाही. बाजरीचे पीठ तर मुळीच पाठवू नका. तिच्यात तेल आहे म्हणूनच ते थोड्या दिवसांत कडू होते. आपल्या आज्या लागेल तेवढेच दळत, ते उगीच नव्हे. नाचणी उत्तम, पण तिच्यात तेल थोडे, हे लक्षात ठेवून मुलांच्या आंबिलीत चमचाभर तेल किंवा दाण्याचे कूट घालायला आयांना सांगितले पाहिजे. पाकिटावर ‘पौष्टिक’ छापले म्हणजे काम झाले, असे नाही.

वरई मागे पडली त्याचे एक कारण कोणी उघडपणे बोलत नाही. तिचे टरफल काढायला उखळात कांडावी लागते, आणि कांडतात बायका. दिवसभर आवणीत वाकून आलेल्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचे, की तांदूळ नको, वरई कांड? म्हणून माझी विनंती अशी, की यंदाच्या वर्गणीतला एक वाटा टरफल काढण्याच्या लहान यंत्रासाठी ठेवावा. ते पाड्यावरच्या बचत गटाकडे राहील. फक्त टरफल काढायचे, उपवासाच्या भगरीसारखा दाणा पांढराशुभ्र करायचा नाही, एवढे पथ्य. असा दाणा फार दिवस टिकत नाही, तेव्हा लागेल तेवढाच काढावा लागेल.

आणि बियाणे. उतारावरच्या शेतात नाचणी, वरई आणि खुरासणी आलटूनपालटून घ्यायची जुनी रीत आहे. खुरासणी म्हणजे ज्याला आपण कारळे म्हणतो, ते तर तेलबीच. तिचे आणि वरईचे बियाणे मृगाआधी पोहोचायला हवे. जुलैत पाठवून उपयोग नाही. तोपर्यंतच्या शिध्यात तांदूळ राहू द्या, पण दर पाच किलोंमागे अर्धा किलो शेंगदाणे आणि अर्धा लिटर तेल जोडा.

बाहेर चहाच्या टेबलावर पाड्यावरच्या भगिनींनी केलेली नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी ठेवली आहे. चटणीत वरून तेल घातलेले नाही. बोटांना लागेल ते दाण्यातलेच आहे.