जुन्या लाकडाची जात कोणती?

(गावातील जुन्या लाकडांतून शाळेसाठी बाके तयार झाली, त्या प्रसंगी शिक्षकांनी केलेले भाषण)



हल्ली गावोगाव जुनी घरे उतरून स्लॅबची घरे उभी राहत आहेत. बैलगाडीला रबरी चाके आली आणि मागोमाग ट्रॅक्टर आला. त्यामुळे सागाच्या तुळया, चौकटी, बाभळीची चाके परसात कुजत पडतात, नाहीतर चुलीत जातात. असे लाकूड आपण घरोघर मागितले आणि सुतारदादांच्या हाताखाली पोरांनी व मी ही बाके केली. ते काम करताना जे शिकलो, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

पहिली गोष्ट ही की, जुने लाकूड म्हणजे टाकाऊ लाकूड नव्हे. ओल्या लाकडात पाणी असते. ते वाळताना आकसते, पिळते, तडकते. वर्षानुवर्षे छपराखाली राहिलेली तुळई मात्र वाळून मुरलेली असते. ती मग फारशी हलत नाही. धुराने ती वरून काळी दिसते, पण रंधा फिरवताच आत सोन्यासारखा साग निघतो. वरचा रंग पाहून जो ती चुलीत घालील, नुकसान त्याचेच.

दुसरी गोष्ट खिळ्यांची. रंधा मारण्याआधी जुने खिळे काढावे लागतात. गंजलेला खिळा डोळ्यांना दिसत नाही, पण पात्याला लागला की धार गेलीच म्हणून समजा. हा खिळा झाडाबरोबर वाढलेला नसतो, कोणीतरी बाहेरून ठोकलेला असतो. उच्चनीचपणाही असाच बाहेरून ठोकलेला आहे. तो आत ठेवून एकीच्या गोष्टी करणे म्हणजे खिळ्यावर रंधा मारणे होय.

तिसरी गोष्ट. लाकूड देताना एका घरून निरोप आला की, आमचे लाकूड बसावयाच्या फळीला घाला, पायाला घालू नका. सुतारदादा हसून म्हणाले, "पाय नसला तर तुमची फळी कशावर टेकवू?" त्यांनी प्रत्येक तुकडा ठोकून आवाज ऐकला, वजन पाहिले, रेषा पाहिली. मोठ्या वाड्याच्या तुळईला कीड लागली होती, तेवढा भाग त्यांनी कापून टाकला. गावकुसाबाहेरच्या झोपडीचा वासा टणक निघाला, तो घेतला. आता कोणते लाकूड कोणाच्या घरचे, हे येथे कोणी ओळखून दाखवावे!

यावर एखादा शहाणा म्हणेल, "गुरुजी, साग तो साग आणि बाभूळ ती बाभूळ. तसेच माणसांचेही." बंधूंनो, येथेच फसगत होते. साग व बाभूळ ही मुळात निराळी झाडे आहेत; माणसे मात्र सारी एकाच झाडाची आहेत. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्ताचे गट जगापुढे मांडले. ते गट सर्व जातींत सापडतात. आपले माणूस दवाखान्यात अत्यवस्थ असता आपण बाटलीवरचा गट जुळतो की नाही हे पाहतो. रक्त देणाऱ्याची जात विचारीत नाही. मग जीव वाचल्यावर पंगतीत का विचारावी?

१९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. कायद्याने खिळ्याचे डोके उडविले. आतला गंजका तुकडा उपटणे आपल्या हाती आहे. हे काम सरकार करणार नाही. ते शेतकऱ्याच्या ओसरीवर, कारागिराच्या कामठ्यावर आणि चुलीपाशी बसणाऱ्या मायबहिणींनीच करावयाचे आहे.

उद्यापासून मुले या बाकांवर हजेरीच्या क्रमाने बसतील. ती घरी आली म्हणजे "कोणाशेजारी बसलास?" असे विचारू नका, "आज काय शिकलास?" एवढेच विचारा. इतके केलेत तरी पुष्कळ खिळे निघतील.