दहाच्या शंभर नाण्यांची थैली

मागून पंख्याचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. आमगावला घरूनच रेकॉर्ड करतोय, आणि पंखा बंद केला तर मी पाच मिनिटंही बोलू शकणार नाही.

आजचा विषय आहे नाणी. क्रिप्टोवाले कॉइन नाही हं, खिशात खुळखुळणारी खरी चिल्लर. मी दिवसभर कोड लिहितो आणि रविवारी वर्तमानपत्र पसरून नाणी निवडत बसतो. आई म्हणते, तांदूळ निवडायला सांगितले की याचे डोळे दुखतात, शिक्के निवडताना बरे दुखत नाहीत.

सुरुवात झाली यूट्यूबवरून. अमेरिकेत लोक बँकेतून नाण्यांचे रोल आणतात, कागदात गुंडाळलेले. अर्ध्या डॉलरच्या रोलमध्ये २० नाणी, म्हणजे १० डॉलर. १९६४ पर्यंतच्या अर्ध्या डॉलरमध्ये ९० टक्के चांदी होती आणि १९६५ ते १९७० मधल्यांत ४० टक्के. म्हणून रोल फोडायचे, चांदीवालं ठेवायचं, उरलेलं परत बँकेत भरायचं. मला वाटलं, सोपं आहे की, आपणही करू.

पण आपल्याकडे रोल नसतो, प्लास्टिकची थैली असते. एका थैलीत १०० नाणी. आणि चांदीची आशा तर सोडूनच द्या. इंग्रजांनीच १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ पासून रुपया निकेलचा झाला.

मग शोधायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे टांकसाळीची खूण. आत्ता खिशात नाणं असेल तर काढा आणि सालाच्या खाली बघा. छोटा हिऱ्यासारखा चौकोन असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. एकाच सालाचं नाणं चारही ठिकाणचं जमवायचं म्हटलं तरी वर्षभराचा उद्योग होतो. दुसरी गोष्ट, स्मारक नाणी. १९९९ चं शिवाजी महाराजांचं दोन रुपयाचं, त्याच वर्षीचं ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं. ही नाणी कधीतरी आपल्या हातातून गेलीयत, आपण बघितली नाहीत एवढंच.

तर मी गेलो बँकेत. पहिल्या वेळी चूक केली, महिन्याच्या तीन तारखेला गेलो. पेन्शनची रांग, त्यात धानाचे पैसे काढायला आलेले शेतकरी, आणि मी मधेच विचारतोय, "सर, दहाची नाणी मिळतील का?" कॅशियरने वर न बघता विचारलं, "दुकान आहे?" म्हटलं, "नाही, छंद आहे." त्यांनी वर बघितलं. मागच्या रांगेनेही बघितलं.

नंतर शिकलो. महिन्याच्या मधे जायचं, दुपारी जेवणाची सुट्टी संपल्यावर. आदल्या दिवशी विचारून ठेवायचं, कारण ब्रँचमध्ये चिल्लर असेलच असं नाही, ती करन्सी चेस्टकडून मागवावी लागते. आणि "जुनी, वापरलेली असतील तर तीच द्या" असं सांगायचं. नवी कोरी थैली दिसते छान, पण आत बहुतेक एकाच सालाची, एकाच टांकसाळीची १०० नाणी. त्यातलं एक ठेवलं की काम संपलं. कोणीतरी भरलेली मिसळीची थैली मिळाली, तर ती खरी लॉटरी.

मला तशीच मिळाली. दहाची १०० नाणी, म्हणजे १००० रुपये. एक नाणं ७.७१ ग्रॅमचं, त्यामुळे थैली पाऊण किलोच्या वर. त्यातून चार ठेवली. रिझर्व्ह बँकेला ७५ वर्षं झाली त्याचं २०१० चं, संसदेला ६० वर्षं झाली त्याचं २०१२ चं, २०१५ चं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीचं, आणि माझ्याकडे नसलेलं नोएडाचं एक साधं. खूश होतो एकदम.

उरली ९६. ती घेऊन बाबांच्या किराणा दुकानात गेलो. म्हटलं, गल्ल्यात टाका, सुट्ट्यांची सोय होईल. बाबा म्हणाले, "हे काहून आणलं बे? दहाचा शिक्का इथं कोणी घेते का?"

हे तुमच्यापैकी विदर्भातल्या लोकांना सांगायला नको. दहाचं नाणं चालत नाही, नकली आहे, ज्यावर १५ रेषा ते खोटं आणि १० रेषांवालं खरं, असं किती वर्षं चाललंय. खरी गोष्ट इतकीच आहे की रुपयाचं ₹ हे चिन्ह नाण्यांवर २०११ पासून आलं. त्याआधीच्या नाण्यांवर ते कसं असेल? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं की तोवर दहाचे १४ डिझाइन निघालेत आणि सगळे चालतात. १४४४० हा नंबरही दिला होता, ऐकून खात्री करायला. आणि २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपया आणि त्यावरची नाणी १००० रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध चलन आहेत.

मी हे सगळं पाठ करून आठवडी बाजारात गेलो. इंजिनिअर ना, वाटलं डॉक्युमेंटेशन दाखवलं की बग फिक्स. भाजीवाल्या मावशींना वीस रुपयांच्या वांग्यांचे दोन शिक्के दिले. त्या म्हणाल्या, "नहीं चलता भैया." मी मोबाइलवर रिझर्व्ह बँकेचं पत्रक दाखवलं. त्यांनी ते नीट बघितलं आणि म्हणाल्या, "ठीक है. तो कल मंडी में माल लेने तू चल मेरे साथ."

मला बोलायला काही उरलं नाही. त्यांना अफवा खरी वाटत होती असं नाही, पुढे त्यांच्याकडून कोणी घेत नव्हतं. अडत्या घेत नाही, कारण दुकानदार घेत नाही. दुकानदार काहून घेत नाही? तर बाबांनीच सांगितलं. काही वर्षांआधी ते चिल्लर भरायला एका ब्रँचमध्ये गेले होते. "मोजायला माणूस नाही, नंतर या" असं दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा गेले नाहीत. त्या दिवसापासून दुकानात शिक्का बंद.

म्हणजे गाडी अडली होती बँकेच्या दारात, आणि मी भाषण देत होतो भाजीच्या पाटीसमोर.

नियम बँकेसाठीही आहेतच. नाणी घ्यायला नकार देता येत नाही, खात्यात किती नाणी भरावीत याला मर्यादा नाही. एक-दोनची नाणी वजनावर घ्यावीत, आणि शंभर-शंभरच्या प्लास्टिक थैल्या करून आणल्या तर दोघांनाही सोयीचं, असं रिझर्व्ह बँकेनेच म्हटलंय. मी हा शेवटचा मुद्दा पकडला. कॅशियरशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्यांच्याकडे खरंच रांग असते. मी ९६ मध्ये घरची चार घातली, नीट मोजली, थैली बंद केली, वर आकडा लिहिला आणि गुरुवारी दुपारी नेऊन दिली. त्यांनी माझ्यासमोर मोजली, शंभर भरली, पाच मिनिटांत पावती मिळाली.

पावती बाबांना दाखवली. दोन दिवस काही बोलले नाहीत. मग स्वतःच पुठ्ठ्यावर लिहिलं, "दहाचे शिक्के घेतले जातील", आणि काउंटरला टांगलं. खाली माझ्याकडे बघून म्हणाले, "भरायला तूच जाशील."

आता मी बँकेतून थैली आणत नाही. गल्लाच माझी थैली आहे. दर पंधरा दिवसांनी निवडायचं, हवं ते ठेवून तेवढे पैसे गल्ल्यात टाकायचे, बाकीचं शंभर-शंभरने पॅक करून भरायचं. त्रासही आहे. बाजूचे दोन दुकानदार आपली सगळी चिल्लर आमच्याकडेच आणून देतात, आणि कॅशियर मला दुरून बघूनच सुस्कारा सोडतात.

मधेच एक सांगतो. "जुनं नाणं द्या, लाखो घ्या" हे जे तुमच्या फोनवर येतं ना, त्याला एक रुपयाही पाठवू नका. रजिस्ट्रेशन फी, टॅक्स, कमिशन, काहीच नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलंय की आमच्या नावाने हे लोक पैसे उकळतात, आमचा त्यांच्याशी संबंध नाही. मी ठेवलेल्या चार नाण्यांची किंमत चाळीस रुपये आहे. आणि हो, नाणी लिंबाने, चिंचेने घासून चकचकीत करू नका. जमवणाऱ्याच्या दृष्टीने ती त्याच क्षणी मेली.

तर त्या भाजीवाल्या मावशी. पुठ्ठा लागल्यावर त्या एकदा दुकानात आल्या, पदराच्या गाठीतून अकरा शिक्के काढले. मी एकशे दहा रुपये दिले आणि सवयीने तिथेच पालथे करून बघायला लागलो. एक बाबासाहेबांचं निघालं. माझ्याकडे होतं एक, पण हे जास्त स्वच्छ होतं. मी ते हळूच बाजूला सरकवलं.

मावशींनी बघितलं. "वो अलग क्यूँ रखा?"

खोटं बोलता आलं असतं. दहाचं नाणं, दहा रुपये दिले, हिशोब पूर्ण. पण मी नाणं फिरवून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, मग एकदम मराठीतच म्हणाल्या, "बाबासाहेब? इतके दिवस माह्याच गाठीत होते?" दहाची नोट काउंटरवर ठेवली आणि नाणं परत गाठीत बांधलं.

तेव्हापासून मी आधी दाखवतो, मग विचारतो. त्यामुळे दोन-तीन चांगली नाणी हातची गेली. १९९९ चं शिवाजी महाराजांचं तर एका काकाजींनी कपाळाला लावून खिशात घातलं. ते मला अजून मिळालेलं नाही. तुमच्या गल्लीत, दानपेटीत, आजीच्या डब्यात कुठे दिसलं तर कळवा, दोन रुपये आणि एक चहा, माझ्याकडून.

चला, पंख्याखालून एवढंच. पुढच्या भागात भेटू.