सावलीचा हिशेब

(पुण्यात तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मुंबईच्या गोदीत माल उचलतो. कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. असल्या माणसानं सूर्यावर बोलायला का उभं राहावं, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते मनात ठेवू नका, बोलून टाका. कारण आज मला तेच विचारायचंय. आभाळावर बोलायचा हक्क कुणाचा? पंचांगवाल्याचा? प्रोफेसरचा? सरकारचा? आपल्या बापजाद्यांनी आख्खा जन्म उन्हात काढला. सूर्य आपल्याइतका दुसऱ्या कुणाच्या पाठीवर बसलाय?

तेव्हा आज सावलीचा हिशेब करू. पुण्यात हा हिशेब फार जुना आहे.

गो. स. घुर्ये यांनी जातीवरच्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवलंय, की पेशवाईत महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी पुण्याच्या वेशीच्या आत यायची बंदी होती. का? तर त्या वेळी सावली लांब पडते, आणि ती लांब सावली वरच्या जातीच्या माणसावर पडली की तो बाटतो. बघा, गणित किती पक्कं! सूर्य पंचेचाळीस अंशांवर असला की सावली बरोबर माणसाएवढी. त्याच्या वर चढला की आखूड, खाली झुकला की लांब. म्हणजे यांना सूर्याची चाल कळत होती, भूमिती कळत होती. आणि तिचा उपयोग काय केला? आपल्या सावलीला वेळापत्रक लावलं!

म्हणून सुरुवातीलाच सांगतो. विज्ञान आपोआप कुणाला माणूस करत नाही. ते कुणाच्या हातात आहे, हे बघावं लागतं.

पण त्याच सूर्याचा दुसरा हिशेबही ऐका. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला, वर्षातनं दोनदा, दुपारी साडेबारा-पाऊणच्या दरम्यान पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्याच बुडात जिरते. माणसाची पायाखाली. त्या घटकेला पेशवा असो की महार, सावली कुणालाच नाही. पेशव्यांच्या पुण्यात हे दरसाल घडत होतं. त्यातनं कुणी काही शिकलं नाही.

आता दुसरी सावली. ग्रहण.

ग्रहण म्हणजे सावलीच, दुसरं काही नाही. चंद्राची सावली पृथ्वीवर पडली की सूर्यग्रहण, पृथ्वीची सावली चंद्रावर पडली की चंद्रग्रहण. एक अमावास्येला, एक पौर्णिमेला. अमावास्या-पौर्णिमा कळायला गोदीवाल्याला पंचांग लागत नाही. त्या दिवसांत सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, भरती मोठी होते, उधाण येतं. आमचं काम पाण्याच्या घड्याळावर चालतं. पाणी सोवळं-ओवळं बघत नाही.

पण जमिनीवर काय होतं? राहू-केतूनं सूर्य गिळला. सोवळ्याच्या घरात सुतक. शिजलेलं अन्न फेका, पोटुशी बाई अंधारात बसवा. आणि गावकुसाबाहेरनं आरोळी यायची, ‘दे दान, सुटे गिऱ्हाण!’ महार-मांग फिरायचे, जुनं लुगडं, पसाभर दाणे, एखादा पैसा मागत. काही ठिकाणी तर सांगायचे की राहू-केतू म्हणजे मांगच, सूर्य त्यांचं देणं लागतो, म्हणून दान करा. काय सोय केली बघा! आभाळातल्या सावलीचा दोषही आपल्याच माथी, आणि त्या दोषाची भीक हीच आपली कमाई.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री पृथ्वीच्या सावलीनं चंद्र ८२ मिनिटं पुरता झाकला होता. ती सावली साऱ्या पृथ्वीची. तीत डोंगर होते, देवळं होती, झोपडपट्ट्या होत्या, तुम्ही होता, मी होतो. आपली सावली चंद्रावर पडली, दोस्तांनो! चंद्र बाटला का? दीडच्या आत आंघोळीबिंघोळीशिवाय स्वच्छ बाहेर आला.

आता याच पुण्यातली एक गोष्ट सांगतो. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं, आणि सावलीचा पट्टा आपल्या महाराष्ट्रावरनं गेला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये तेव्हा महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती. भावनगरच्या राजाच्या पैशावर उभी राहिलेली, वीस इंची आरशाची तिची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यात जेऊरला तळ ठोकून बसले, ग्रहणातल्या सूर्याचा उजेड तपासायला. रिवाज असा होता, की त्याच सावलीखाली एकीकडे दुर्बिणी लागायच्या आणि दुसरीकडे पदर पसरायचे. एक सावली, दोन जगं. १९१२ साली पुण्याची ती वेधशाळा बंद झाली, दुर्बीण दक्षिणेला कोडाईकनालला गेली. पदर मात्र इथंच राहिले.

उजेड तपासायचा म्हणजे काय करायचं? गोदीतलं सांगतो. गोणी फोडून बघत नाही आम्ही. वरचा मार्का बघितला की आत काय आहे ते कळतं. उजेडाचंही तसंच. सूर्याचा किरण लोलकातनं काढला की रंगांचा पट्टा पडतो, आणि त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. लोखंडाच्या रेघा वेगळ्या, कॅल्शियमच्या वेगळ्या. पंधरा कोटी किलोमीटरवरचा माल, पण मार्का वाचता आला की झालं.

फक्त एक घोळ होता. तोच माल वेगवेगळ्या ताऱ्यांवर वेगवेगळा मार्का दाखवायचा. हा घोळ सोडवला मेघनाद साहा यांनी, १९२० साली. अणू फार तापला, भोवतीचा दाब कमी झाला, की त्याचा इलेक्ट्रॉन सुटतो आणि मग मार्का बदलतो. किती तापमानाला किती अणू असे सुटतात, याचं समीकरण साहांनी मांडलं. तेव्हापासून ताऱ्याच्या रेघा बघून त्याचा ताप सांगता येऊ लागला. आज जगभर ते साहांच्या नावानं शिकवतात.

हे साहा कोण? ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा पोरगा. जात खालची धरलेली. अस्पृश्य नव्हे, पण कलकत्त्यातल्या वसतिगृहात वरच्या जातीच्या पोरांनी पंगतीला घेतलं नाही, सरस्वतीच्या पूजेला उभं केलं नाही. विद्येच्या देवीपासून हाकललेल्या माणसानं ताऱ्यांची विद्या जगाला दिली! पुढे सरकारनं १९५२ साली पंचांग सुधारायला समिती नेमली, तिचे अध्यक्षही साहाच. तेव्हा जुन्या पंचांगांची पोल उघडी पडली. आपण १४ जानेवारीला संक्रांत करतो, उत्तरायण लागलं म्हणतो. सूर्य डिसेंबरच्या २१-२२ तारखेलाच उत्तरेकडं वळलेला असतो. तेवीस दिवसांची चूक गळ्यात बांधून ही मंडळी लोकांच्या लग्नाचे मुहूर्त काढतात!

आता आजच्या पुण्यात या. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. सूर्याकडं बघणारी एक दुर्बीण तिथं घडली, नाव ‘सूट’. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून आदित्य-एल१ यान उडालं, त्यावर ती गेली. अतिनील किरणांत, अकरा गाळण्या लावून, ती आख्ख्या सूर्याचे फोटो काढते. हे किरण वरच्या ओझोनच्या थरात अडतात, जमिनीवरनं दिसत नाहीत. म्हणून डोळाच वर पाठवावा लागला. आणि ती कोणते मार्के वाचते? इलेक्ट्रॉन सुटलेल्या मॅग्नेशियमचे, कॅल्शियमचे. म्हणजे साहांनी शंभर वर्षांपूर्वी दिलेलीच किल्ली! २२ फेब्रुवारी २०२४ ला सूर्यावर मोठा भडका उडाला, तो तिनं टिपला. असले भडके आणि वादळं उपग्रहांना, विजेच्या तारांना, जहाजांच्या दिशादर्शक यंत्रांना झोडपतात. मे २०२४ मध्ये वीस वर्षांतलं सर्वांत मोठं सौरवादळ पृथ्वीवर आदळलं. हे आधी कळावं म्हणून ही राखण.

यानाची जागा तर नीट ऐका. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर, सूर्याच्या बाजूला. ६ जानेवारी २०२४ ला यान तिथं पोचलं. चंद्र आपल्यापासून पावणेचार-चार लाख किलोमीटरवर. म्हणजे चंद्र मागं राहिला, पृथ्वी मागं राहिली. मग सूर्यावर सावली पडणार कुणाची? तिथं ग्रहण लागतच नाही. सुतक नाही, दान नाही, आरोळी नाही. पुण्यात घडलेला डोळा अशा ठिकाणी बसलाय, जिथं चोवीस तास नुसता सूर्य आहे.

आपल्यातलेच काही म्हणतील, अरे, सूर्यावर यान आणि गटारात माणूस, आपल्याला काय त्याचं? घोषणा खरी आहे, मीही देतो. पण अर्धीच आहे. गटारातनं माणूस बाहेर काढायचा तो कुठं नेऊन बसवायचा? दुर्बिणीकडं आपणच पाठ फिरवली तर व्यवस्थेला आणखी काय पाहिजे? पेशव्यांनी वेस लावली होती. आता आपणच आपल्याला वेस लावायची काय?

कारण वेस अजून आहे. फक्त कागदाची झालीय.

आयुकाच्या शेजारीच, त्याच आवारात, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण ते चालवतं. हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं. आता कायदा बघा. केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशात आरक्षण देणारा कायदा २००६ चा. शिक्षकांच्या जागांत आरक्षण देणारा कायदा २०१९ चा. दोन्हींच्या शेवटी एकेक अनुसूची जोडलीय, की या संस्थांना हा कायदा लागू नाही. त्या अनुसूचीत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आहे. तिरुवनंतपुरमची अवकाश भौतिकी प्रयोगशाळा आहे. म्हणजे आभाळाचा अभ्यास करणारी मोठमोठी घरं आपल्याला दार उघडायला कायद्यानं बांधलेलीच नाहीत!

गंमत बघा, अनुसूचीत आपणही आहोत. अनुसूचित जाती! एका अनुसूचीनं दार उघडायचं, दुसऱ्या अनुसूचीनं त्याच दाराला कडी घालायची. कारण काय, तर गुणवत्ता. साहांना पंगतीतनं उठवणाऱ्यांची गुणवत्ता आज कोण विचारतो? समीकरण कुणाचं राहिलं?

२८ फेब्रुवारीला विज्ञानदिनी खोडदला लोकांना दुर्बीण बघू देतात. चांगलं करतात. हजारो पोरं जातात. पण बघायला दार उघडं आणि बसायला बंद, हे आपण देवळाच्या बाबतीत फार वर्षं पाहिलंय. याच पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीनं १८५५ साली ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिला. पोथी आम्हाला बंद, तर मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. आज तोच सवाल दुर्बिणीला लावा. आणि हैदराबादचा रोहित वेमुला आठवा. त्याला कार्ल सेगनसारखं विज्ञानावर लिहायचं होतं. तारे आवडायचे त्याला. जानेवारी २०१६ मध्ये विद्यापीठानं आपल्याला त्याचं प्रेत दिलं.

म्हणून मागणी स्पष्ट ठेवा. दोन्ही कायद्यांतल्या त्या अनुसूच्या फाडा. कुणाला किती जागा दिल्या, याचा हिशेब या संस्थांनी दरसाल जाहीर मांडावा. दान नको. दान आपण ग्रहणात पुष्कळ मागितलं.

आणि एक काम आपल्या हातातलं. २ ऑगस्ट २०२७, सोमवार. त्या दिवशी सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांवर खग्रास, आपल्याकडं खंडग्रास, पुण्यात दुपारी तीननंतर. ढग नसले तर दिसेल. आतापासून तयारी करा. ताडीवाला रोड, पर्वती, मंगळवार पेठ, पाटील इस्टेट, प्रत्येक वस्तीत ग्रहणाचे प्रमाणित चष्मे वाटा. उघड्या डोळ्यानं बघायचं नाही, ते अंधश्रद्धेपायी नव्हे, डोळ्याचा पडदा जळतो म्हणून. चष्मा नसला तर पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडा, सूर्याकडं पाठ करा, भोकातनं पडणारा चंद्रकोरीसारखा सूर्य कागदावर झेला. पोटुशा बायांना आग्रह करून जेवू घाला. त्या संध्याकाळी वस्तीतली एकही चूल विझलेली दिसता कामा नये.

आणि मग सगळे शनिवारवाड्यासमोर जमा. तीन वाजून गेलेले असतील. सूर्य कलला असेल. आपल्या सावल्या लांब, चांगल्या लांब पडलेल्या असतील. पडू द्या.

जय भीम.