उपरी आणि मिरासदार

जुन्या मराठी दप्तरांत गावच्या शेतकऱ्यांचे दोन वर्ग आढळतात. एक मिरासदार आणि दुसरा उपरी. मिरासदार म्हणजे वडिलोपार्जित हक्काने जमीन कसणारा, गावच्या मानापानात आणि गावखर्चात ज्याचा वाटा आहे असा. उपरी म्हणजे बाहेरून आलेला; आज आहे, उद्या दुष्काळ पडला तर बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जाईल असा. परंतु या दोन वर्गांमधील भिंत अभेद्य नव्हती. उपरी गावात टिकला, त्याने जमीन सुधारली, मिरास खरेदी केली, गावावरील संकटात आपला खांदा दिला, की कालांतराने तोही मिरासदार होई. मग तो कोठून आला, हे कोणी विचारीत नसे. जी गोष्ट गावाची, तीच देशाची. परक्या देशातून येऊन जे लोक या भूमीत राहिले, त्यांपैकी उपरी कोण राहिले आणि मिरासदार कोण झाले, हा प्रश्न इतिहासाला विचारून पाहण्याजोगा आहे.

हा प्रश्न विचारण्यास जालना जिल्ह्यातील हसनाबादसारखे गाव फार सोयीचे. भोकरदन तालुक्यातील हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, नंतर औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि १९८१ साली जालना जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्यात आले. राज्ये बदलली, जिल्हे बदलले. पावसाचा लहरीपणा मात्र बदलला नाही. या मुलखात कापूस आणि ज्वारी होते, मोसंबीच्या बागा होतात. पण मृग कोरडा गेला, की शेतकऱ्याची नजर आभाळाकडे आणि पाय विहिरीकडे वळतात. घरी आलेल्यास प्रथम पाणी विचारावे, ही आपली रीत. ज्या प्रदेशात पाणी दुर्मिळ, तेथे त्या रीतीचा अर्थ अधिक खोल असतो. तेव्हा, ज्यांना या भूमीने पाणी विचारले, त्यांनी उलट या भूमीला कधी पाणी विचारले काय, हीच येथे खरी कसोटी ठरते.

या कसोटीस उतरलेले पहिले परदेशीय फार जुने आहेत. आजचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांची नावे सांची आणि भारहुत येथील शिलालेखांत आहेत. सातवाहनांच्या काळात हे भरभराटीचे नगर होते. येथील उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतील पाँपेई या ज्वालामुखीने गाडलेल्या शहरात १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य इतके आहे, की विद्वानांचे लक्ष त्याकडे वेधले गेले. माल पश्चिमेस जाई, तशी माणसेही पश्चिमेकडून इकडे येत. आपल्या शिलालेखांत त्यांना ‘यवन’ म्हटले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभ यवनांनी दिलेले आहेत. नाशिकचे एक लेणे यवन धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने कोरविले. जुन्नरच्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. आणि इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, असे तेथील लेख सांगतो. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. सह्याद्रीच्या गडांवर चढणारा मराठी माणूस हा शब्द अजून ओळखतो. इरिल कोणत्या गावचा, कोणत्या व्यापारातला, हे काळाने पुसून टाकले. त्याने दोन टाकी दिली, एवढीच गोष्ट सुमारे दोन हजार वर्षे शिल्लक राहिली आहे.

यानंतर ज्याचे नाव घ्यावयाचे, तो या देशात आपल्या इच्छेने आलेला नव्हता. सोळाव्या शतकाच्या मध्यास आफ्रिकेतील हबसाणात जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात, एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे, असा हात बदलत तो दख्खनेत अहमदनगरच्या निजामशाहीत पोहोचला. तेथील वजीर चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हाच पुढे मलिक अंबर या नावाने प्रसिद्ध झाला. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि निजामशाही संपली असे सर्वांस वाटले; तेव्हा या हबशी सरदाराने राजघराण्यातील एका वारसास गादीवर बसवून राज्य पुन्हा उभे केले आणि १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सांभाळले. दिल्लीच्या फौजांना त्याने गनिमी काव्याने जेरीस आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले.

परंतु लढाया जिंकणारे पुष्कळ असतात. मलिक अंबर लोकांच्या स्मरणात राहिला तो दोन कारणांनी. पहिले कारण त्याची जमीनमहसुलाची व्यवस्था. गावाचा महसूल मक्त्याने देण्याची पद्धत त्याने बंद केली. मक्तेदाराला रयतेची कणव नसते. एका वर्षात जेवढे पिळता येईल तेवढे तो पिळतो. अंबराने जमिनीचा मगदूर पाहून आकार ठरविला, प्रथम धान्यरूपाने भाग घेतला, आणि काही हंगामांचा अनुभव घेऊन त्याचे रोकडीत रूपांतर केले. मोडकळीस आलेली गावची जुनी व्यवस्था त्याने पुन्हा सावरली. ज्याच्या स्वतःच्या देहावर एकेकाळी त्याचा हक्क नव्हता, त्याने कुणब्याचा जमिनीवरील हक्क ओळखला, ही गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे.

दुसरे कारण पाणी. १६१० साली त्याने खडकी येथे आपली राजधानी वसविली. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. नगर वसविणे सोपे. नगराची तहान भागविणे कठीण. शहराच्या उत्तरेस डोंगर आहेत. त्या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीखाली झिरपणारे पाणी गोळा करून, भुयारी बांधीव मार्गाने, केवळ उताराच्या बळावर त्याने ते शहरात आणले. त्यासाठी ना मोट लागे, ना यंत्र. ठिकठिकाणी हवा खेळती राहण्यासाठी आणि आत उतरून सफाई करण्यासाठी उभी धुराडी ठेवली. हीच नहर-ए-अंबरी. पुढच्या राज्यकर्त्यांनी तिच्या जोडीस आणखी नहरी बांधल्या. या देशाने ज्याला विकत घेतले होते, त्याने या देशाला पाणी दिले. कोणते देणे त्याच्यावर होते? हिशेबाच्या वहीत पाहिले तर काहीच नव्हते; उलट जगच त्याचे देणे लागत होते. तरीही त्याने दिले. खुलदाबाद येथे, याच मातीत, त्याची कबर आहे.

पाण्यानंतर वाणी. १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक गोव्यास उतरला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईतो तेथेच राहिला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. हजारो ओव्यांचा हा ग्रंथ त्याने मराठीत रचला. एकोणिसाव्या शतकात कॅप्टन मोल्सवर्थ यांनी कँडी बंधू आणि एतद्देशीय शास्त्री यांच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश तयार केला. तो १८३१ साली निघाला, आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली प्रसिद्ध झाली. गावोगावचे शब्द, म्हणी, बलुतेदारांच्या हत्यारांची नावे त्यात सापडतात. आजही अडलेल्या मराठी शब्दासाठी विद्वान त्याच कोशाकडे धाव घेतात. मराठी लेखनात पूर्णविराम, स्वल्पविराम रुळविण्याचे श्रेय बहुतांशी मेजर थॉमस कँडी यांच्याकडे जाते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्टीफन्सला धर्मप्रसार करावयाचा होता. कोशकारांच्या पाठीशी राज्य करणारी कंपनी होती. मग हे देणे कसले? आक्षेप खरा आहे. परंतु हेतू आणि फळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कंपनीचे राज्य गेले, कोश राहिला. ज्याने तो लिहवून घेतला त्याच्या उपयोगापुरताच तो उरला असता, तर त्यास देणे म्हणता आले नसते. तो घेणाराच्या मालकीचा झाला, म्हणून ते देणे. राज्यकर्त्यांनी रस्ते बांधले, कचेऱ्या बांधल्या, त्यांतही हाच भेद करावा लागेल. ज्या रस्त्याने केवळ कापूस बंदरावर गेला, तो व्यापार. ज्या रस्त्याने शेतकऱ्याचा मुलगा शाळेत गेला, ते देणे.

विसाव्या शतकातील एक उदाहरण जालना जिल्ह्याच्या अगदी जवळचे आहे. १९२४ साली स्वित्झर्लंडात जन्मलेले फादर हर्मन बाखर १९४८ साली भारतात आले आणि अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, त्यांनी आपले आयुष्य वेचले. १९७२ च्या दुष्काळात लोकांचे हाल सर्वांनी पाहिले. धान्य वाटून एक वर्ष निभते. पुढच्या दुष्काळी वर्षी पुन्हा हात पसरावे लागतात. म्हणून त्यांनी मुळावर घाव घालण्याचे ठरविले. डोंगरावर पडलेला पाऊस डोंगरावरच अडवावा, माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, दगडी बांध, नालाबांध यांची साखळी करावी, झाडे लावावी, म्हणजे माती वाहून जाणार नाही आणि पाणी जमिनीत मुरेल. या विचारातून जर्मन सरकारचे साहाय्य आणि नाबार्ड यांच्या सहकार्याने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापिली.

या कार्यक्रमाची अट मोठी मार्मिक होती. पैसा बाहेरून येई, पण आधी गावाने श्रमदान करावे. कुऱ्हाडबंदी आणि मोकाट चराईबंदी गावाने आपण होऊन पाळावी. पाणलोट समिती गावाचीच असावी. ज्या गावास हे मान्य नाही, त्या गावास साहाय्य नाही. वरकरणी ही अट कठोर भासते. वस्तुतः तीत घेणाराचा मान राखलेला होता. भीक घालणारा अट घालीत नाही, कारण त्याला पुन्हा यावयाचे नसते. जालना तालुक्यातील कडवंची या गावी हा कार्यक्रम खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली १९९६ पासून राबविला गेला. पुढे गावकऱ्यांनी शेततळी खणली, द्राक्षबागा लावल्या. आणि २०१२ च्या दुष्काळात जेव्हा मराठवाड्यात बागा वाळत होत्या, तेव्हा कडवंचीच्या बागा तगल्या. या यशात स्वित्झर्लंडच्या माणसाचा विचार होता, जर्मनीचा पैसा होता; पण कुदळ कडवंचीच्या शेतकऱ्याची होती. २०२१ साली फादर बाखर निवर्तले. त्यांच्या जाण्याने कोणताही बांध फुटला नाही.

याच काळातील काही स्त्रियांची नावे आदराने घ्यावयास हवीत. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी विवाहाने कमला निंबकर झाल्या. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी आशियातील पहिली शाळा त्यांनी सुरू केली. अपघाताने वा आजाराने पंगू झालेल्या माणसास पुन्हा स्वतःच्या हाताने घास घेता यावा, हे त्या विद्येचे ध्येय. त्यांच्या नावाचे बालभवन फलटण येथे आहे. ते उभारणाऱ्या डॉ. मॅक्सीन बर्नसन याही अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी १९७८ साली भारतीय नागरिकत्व घेतले आणि फलटणच्या गरीब वस्त्यांतील मुलांना मराठी वाचावयास कसे शिकवावे, याचा ध्यास घेतला. डॉ. गेल ऑम्वेट महात्मा फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास करण्यास आल्या आणि सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या सूनबाई झाल्या. १९८३ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या. परित्यक्ता स्त्रिया, दलित आणि दुष्काळग्रस्त शेतकरी यांच्या लढ्यांत त्या सहभागी झाल्या. येरळा नदीवर लोकांनी आपल्या बळाने जे बळीराजा धरण बांधले, ते याच चळवळीच्या परंपरेतले. २०२१ च्या ऑगस्टात कासेगावी त्यांचा अंत झाला.

हा व्यवहार एकमार्गी आहे, असे मात्र कोणी समजू नये. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेले. पथकातील इतर परतले. ते तेथेच राहिले, चिनी भाषा शिकले, तेथील एका परिचारिकेशी त्यांनी विवाह केला, आणि रणांगणावरील जखमींची शुश्रूषा करता करता १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. चिनी लोक आजही त्यांच्या समाधीवर फुले वाहतात. हबसाणाने दख्खनेस जे दिले, ते सोलापूरने चीनला दिले.

या सर्वांची नावे एका माळेत ओवली असता एक गोष्ट स्पष्ट होते. त्यांनी प्रथम घेतले. येथील भाषा घेतली, येथील अन्न घेतले, येथील माणसांकडून येथील जमिनीचे ज्ञान घेतले. ज्याला घेणे साधत नाही, त्याला देणेही साधत नाही. तो फक्त वाटप करतो. आणि दुसरी गोष्ट अशी, की त्यांनी जे दिले ते देणाऱ्यावाचून चालेल असे दिले.

आता शेवटचा प्रश्न यजमानाचा आहे. नहर-ए-अंबरीचा पुष्कळ भाग आज नादुरुस्त आहे. कोठे ती वाढत्या वस्तीखाली दबली, कोठे धुराड्यांत कचरा पडला. देणाराने आपले काम चारशे वर्षांपूर्वी पुरे केले. सांभाळणाऱ्याचे काम मात्र दरसाल नव्याने करावे लागते. बांध फुटला तर दगड रचावे लागतात, चर गाळाने भरला तर उपसावा लागतो. हसनाबादच्या शिवारात मृगाच्या आधी जो शेतकरी आपला बांध नीट करतो, त्याने कदाचित मलिक अंबराचे नाव ऐकले नसेल, इरिलाचे तर नाहीच. तरी त्या दोघांचे काम पुढे चालविणारा तोच होय. बाहेरून आलेला मनुष्य पाणी देऊन मिरासदार होतो. आलेले पाणी जे गाव गमावते, ते मात्र आपल्याच जमिनीवर उपरे होऊन बसते.