भंगारांतील शिल्प

परभणी जिल्ह्यांतील बोरीसारख्या गांवीं बैलगाडीच्या चाकाची झिजलेली धाव सहसा कोणी टाकून देत नाहीं. ती लोहाराच्या भात्यापाशीं जाते आणि विळा किंवा खुरपें होऊन पुन्हां शेतांत येते. लोखंड जुनें झालें म्हणजे निकामी झालें, हें लोहाराला मान्य नसतें. त्याची अट एकच, कीं नव्या वस्तूचा कांहीं उपयोग झाला पाहिजे. शिल्पकार याच लोखंडाला हात घालतो, तो ही अट मोडून. भंगारांतला तुकडा पाहण्याजोगा आहे, एवढेंच त्याला पुरतें.

मूर्ति म्हणजे दगड खोदावयाचा किंवा धातु ओतावयाची, अशी शतकानुशतकांची रीत होती. ज्यूलिओ गोन्झालेझ हा स्पॅनिश कारागीर १९१८ सालीं फ्रान्समध्यें रेनॉ मोटारींच्या कारखान्यांत वेल्डिंग शिकला. दोन तुकड्यांच्या कडा वितळवून त्यांना एकजीव करण्याची ही विद्या मुळांत कारखान्याची. १९२८ च्या सुमारास ती त्यानें पिकासोच्या मदतीला लावली, आणि शिल्प तुकडे जोडून उभें राहूं लागलें. पुढें १९४२ सालीं पिकासोनें सायकलीची बैठक आणि हँडल एवढ्यांतून बैलाचें मस्तक केलें. त्यांत बैल दिसतो, आणि सायकलहि लपत नाहीं. खरी गंमत तीच; नाहींतर पान्यांचा पक्षी करणें हें कसब झालें, कला नव्हे.

आपल्याकडे मुंबईंत ही वाट धरणाऱ्यांत पिलू पोचखानावाला (१९२३–१९८६) यांचें नांव आधीं घ्यावें लागतें. त्यांचें शिक्षण वाणिज्याचें. १९५१ सालीं त्या युरोपांत गेल्या, तेथील शिल्पें पाहून या कलेकडे वळल्या, आणि परत आल्यावर ना. ग. पानसरे यांच्याजवळ शिकल्या. फोर्टमधील न्यू इंडिया इमारतीवरच्या भव्य आकृति घडविणारे ते हेच पानसरे. दगड, लाकूड, शिसें अशी वाट चालून पिलूबाई वेल्डिंगकडे आणि टाकाऊ धातूकडे आल्या. ठिणग्यांचें हें काम एका सुशिक्षित पारशी गृहिणीनें अंगावर घ्यावें, याचें त्या काळीं नवल वाटलें असल्यास आश्चर्य नाहीं. हाजीअलीच्या चौकासाठीं त्यांनीं ‘स्पार्क’ हें शिल्प केलें.

विळ्याला गंज चढला तर धनी तो घासतो, कारण उद्यां गवत कापावयाचें असतें. चौकांतल्या शिल्पाला असा धनी नसतो. मुंबईची हवा खारी. रंग सुटला कीं सांध्यांत ओल शिरते आणि तेथूनच पोलाद खाल्लें जातें. भंगारवाल्याच्या तराजूला तर शिल्प आणि मोडकें यंत्र सारखेंच. कलाकृतींना छप्पर मिळावें म्हणून कावसजी जहांगीर हॉलाचें कलादालन व्हावें, यासाठीं पिलूबाई झटल्या. तें १९९६ सालीं उघडलें. त्यांना जाऊन तेव्हां दहा वर्षें झालीं होतीं. पण चौकांतलें शिल्प त्या छपराखालीं नेतां येत नाहीं. त्याला पावसाळ्यापूर्वीं रंगाचा हात लागतो, आणि तो कोणीं द्यावयाचा हें कोठें तरी लिहून ठेवलेलें असावें लागतें.