डब्याचे व्हायोलिन



आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. गाण्यातले आम्हांला कळते ते इतकेच की, सभेला माणसे जमेनात तर आधी शाहिराला उभे करावे. तेव्हा आज आम्ही वाद्यांवर बोलणार हे वाचून कित्येकांना हसू आले असेल. पण हा विषयही कामगारांचाच आहे.

दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे देशाची राजधानी आसुन्सिऑन. तिच्या कडेला, नदीकाठी, कातेउरा नावाचा शहराचा कचरा डेपो आहे. त्या ढिगांतून विकण्याजोगा माल वेचून तेथील कुटुंबे पोट भरतात. २००६ साली फाविओ चावेस हे गृहस्थ कचऱ्याच्याच एका कामासाठी तेथे आले. त्यांना संगीत येत होते; वेचकांच्या मुलांना ते शिकवू लागले. मुले वाढली आणि वाद्ये पुरेनात. चांगल्या व्हायोलिनची किंमत त्या वस्तीतल्या घराहून अधिक! ते मुलाच्या हाती देऊन घरी धाडणे म्हणजे चोराला आवतण देणेच.

चावेस यांनी निकोलास गोमेस यांना गाठले. हे स्वतः कचरा वेचणारे, पण सुतारकाम जाणणारे. त्यांनी डब्याच्या पत्र्याचे व्हायोलिन केले; तारा खाली अडकवायला जेवणाचा काटा बसविला. तेलाच्या पिंपाचा चेलो केला. चेलो हा व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवायचा. त्याच्या खुंट्यांत मांस कुटायचे एक जुने हत्यारही कामी आले. ऐकायला हे गमतीचे वाटते. पण ताणलेल्या चार तारांची ओढ काही थोडीथोडकी नसते. नुसता पत्रा तिने दबतो. मान लाकडाची हवी, आणि ती डब्याला अशी जखडावी लागते की तसूभरही वाकता कामा नये; वाकली की लावलेले सूर उतरलेच. घोडी जराशी सरकली तरी आवाज बदलतो. हे ज्याला साधते तो कसबी कारागीर होय.

या मुलांवर २०१५ साली बोलपट निघाला. लोक म्हणतात, कचऱ्यातून संगीत निघाले. आम्हांला हे बोलणे खटकते. कचऱ्यातून दुर्गंधी निघते. संगीत गोमेस यांच्या हातांतून आणि त्या मुलांच्या मेहनतीतून निघाले. २०१४ साली ही मुले मेटॅलिकासारख्या जगप्रसिद्ध मंडळींबरोबर दौऱ्यावर वाजवीत होती, आणि त्याच वर्षी पुराचे पाणी त्यांच्या वस्तीत शिरले. टाळ्यांनी घराची जोती उंच होत नाहीत. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती वेचणे हे काम आहे एवढे कबूल करून घेण्यासाठी. त्यासाठीदेखील भांडावे लागले!

१९८२ च्या गिरणी संपात आमच्या चाळीतल्या एका साच्यावाल्याने डालड्याच्या डब्याचे तुणतुणे केले होते. कुशीला बांबूची दांडी, तळाला कातडे, कातड्यातून खुंटीपर्यंत एकच तार. आम्ही पोरे त्याच्यामागे सभेला जात असू. संप लांबला, सभा थांबल्या. एके दिवशी त्याने तार गुंडाळून खिशात घातली आणि डबा भंगारवाल्याला दिला.