मोतीबिंदू परत येतो का?

'मोतीबिंदू काढला, भिंग बसवलं, वर्ष-दोन वर्षं झकास दिसलं. आता पुन्हा सगळं धुरकट! मोतीबिंदू परत आला वाटतं.' ही तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते. काही ज्येष्ठ मंडळी तर ती बोलूनही दाखवत नाहीत. मुलांनी एकदा खर्च केला, आता पुन्हा कसं सांगायचं, म्हणून पेपर वाचणं सोडून गप्प बसतात.

त्यांना पहिल्यांदा एवढंच सांगायचं, की काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. मग हे धुकं कसलं?

आपलं नैसर्गिक भिंग एका पातळ, पारदर्शक पिशवीत असतं. ते गढूळ झालं की मोतीबिंदू झाला म्हणायचं. शस्त्रक्रियेत पिशवीला पुढून गोल छिद्र पाडून गढूळ भिंग काढतात आणि त्याच पिशवीत कृत्रिम भिंग ठेवतात. पण कितीही सफाईनं काम केलं, तरी पिशवीच्या अस्तराच्या काही पेशी कडेला उरतातच. त्या जिवंत असतात, वाढतात आणि सरकत सरकत भिंगामागच्या पडद्यावर येतात. तिथं बुडबुड्यांसारखे पुंजके होतात, पडद्याला सुरकुत्या पडतात. लहान मुलांत या पेशींचा जोर फार. म्हणून त्यांच्या शस्त्रक्रियेतच बहुधा मागच्या पडद्याला खिडकी ठेवतात.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. पेशींची ही चिवट वाढ त्यानंतरही डॉक्टरांना छळत राहिली. १९९० च्या दशकात ध्यानात आलं, की भिंगाची कड गुळगुळीत गोल न ठेवता काटकोनी ठेवली, तर ती पडद्यावर घट्ट टेकते आणि पेशींची वाट अडते. त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला, संपला मात्र नाही.

उपाय सोपा आहे. 'याग' लेझरनं त्या पडद्याला मधोमध छोटी खिडकी पाडतात. काही मिनिटांचं काम. टाके नाहीत, पट्टी नाही, त्याच दिवशी घरी. नंतर काही दिवस डोळ्यापुढे ठिपके तरंगतात, क्वचित डोळ्यातला दाब वाढतो. पण ठिपक्यांचा एकदम पाऊस पडला, विजा चमकल्यासारखं झालं किंवा कडेनं पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर तडक डॉक्टरांकडे जा. नेत्रपटल सुटल्याची ती खूण असू शकते.

आणखी एक. प्रत्येक धुकं या पडद्याचंच नसतं. काचबिंदू किंवा मधुमेहानं नेत्रपटलाला झालेली इजा यांमुळेही नजर मंदावते, आणि तिथं या खिडकीचा उपयोग नाही. म्हणून आधी बाहुली मोठी करून डोळा नीट तपासून घ्या. त्रास नसेल, तर लेझरची घाई नको. त्रास असेल, तर संकोच नको. घरातल्या आजी-आजोबांना आज एकदा विचारा, 'पेपर नीट वाचता येतो ना?'